पंडिता रमाबाई : विद्वत्तेकडून वात्सल्याकडे

झेलम नदीच्या वाळवंटात कडाक्याच्या थंडीत बहीणभावाने कबरीसारखे दोन खड्डे खणले होते. पांघरायला घोंगडी नव्हती आणि आसऱ्याला धर्मशाळाही नव्हती. खड्ड्यात उतरून डोके तेवढे बाहेर ठेवायचे, बाकीचे अंग वाळूने झाकायचे आणि त्या वाळूच्या उबेत पहाटेची वाट पाहायची, एवढाच उपाय त्यांच्या हाती होता. बहिणीचे वय तेव्हा विशीच्या आत होते. हजारो संस्कृत श्लोक तिच्या जिभेवर होते. पुढे साऱ्या देशाने तिला पंडिता रमाबाई म्हणून ओळखले.

२३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या कर्नाटकातील भागात, गंगामूळच्या अरण्यात रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि त्यासाठी सनातनी मंडळींचा रोष पत्करला. लेकीला शिकवले ते आईने, पहाटेच्या अंधारात. पुढे घरची संपत्ती सरली. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरणे एवढेच या कुटुंबाचे जीवन झाले. दानधर्म, उपास, व्रते यांत कसूर नव्हती. पण १८७४ नंतरच्या दुष्काळी वर्षांत आधी वडील, मग आई आणि त्यापाठोपाठ थोरली बहीण कृष्णाबाई यांना मृत्यूने नेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले. दोघांनी पायी हिंदुस्थान पालथा घातला.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाध्या दिल्या. याच शहरात त्यांनी ख्रिस्ती लोकांची प्रार्थना प्रथम पाहिली. डोळे मिटून खुर्च्यांपुढे गुडघे टेकणारी माणसे पाहून ही मंडळी खुर्च्यांचीच पूजा करतात, असा भावंडांचा समज झाला! त्यांना संस्कृतातील बायबलही भेट मिळाले; मात्र ते मनाला भिडले नाही. स्त्रियांच्या कर्तव्यांवर व्याख्याने द्यावीत म्हणून रमाबाई धर्मशास्त्रे नव्याने वाचू लागल्या, तेव्हा एक गोष्ट त्यांना बोचू लागली. ग्रंथाग्रंथांत अनेक मुद्द्यांवर मतभेद होते. पण स्त्री आणि शूद्र यांना स्वतःच्या बळावर मोक्षाचा अधिकार नाही, यावर बहुतेकांचे एकमत दिसत होते.

१८८० मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. विवाह आंतरजातीय होता, त्यामुळे दोन्हीकडच्या नातलगांनी पाठ फिरवली. आसामातील सिल्चरच्या घरी पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि ती त्या आवडीने वाचू लागल्या. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने बिपिनबाबूंचा बळी घेतला. संसार जेमतेम दीड वर्षाचा ठरला. तेविसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या रमाबाई तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आल्या.

पुण्यातील आर्य महिला समाज, ‘स्त्री धर्मनीति’ हे पुस्तक आणि हंटर शिक्षण आयोगापुढील साक्ष हा भाग मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. वैद्यकशास्त्र शिकण्याच्या इराद्याने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या; परंतु कमी होत चाललेल्या श्रवणशक्तीमुळे तो मार्ग खुंटला. वाँटेज येथे सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाच्या आश्रयाने राहत असताना त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे पाठवण्यात आले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी या भगिनी तेथे एक आश्रम चालवत होत्या.

रमाबाईंच्या चरित्रकारांनी फुलहॅमला नेहमीच पुरेशी जागा दिलेली नाही. वस्तुतः त्यांच्या आयुष्याची दिशा तेथे बदलली. अशा स्त्रियांना कोणी जवळ घेते, त्यांच्या हाताला काम देते, त्यांच्याशी ममतेने बोलते आणि काही काळाने त्यांतल्याच काही जणी इतर दुःखितांची सेवा करू लागतात, हे दृश्य त्यांनी पूर्वी कोठेही पाहिले नव्हते. त्यांनी वाचलेल्या शास्त्रांत अशा स्त्रीसाठी शिक्षा होती. येथे तिच्यासाठी घर होते. या भगिनींना ही माया कोठून येते, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. विहिरीवर एकटीच पाणी भरायला आलेल्या, पाच नवरे झालेल्या त्या परजातीच्या स्त्रीकडे येशू पाणी मागतो आणि देवाच्या भक्तीविषयी तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

स्वदेशात यावरून गदारोळ उठला. मात्र इंग्लंडमधील ख्रिस्ती धुरीणांनाही ही शिष्या सोपी गेली नाही. त्या शाकाहारी राहिल्या. क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नसावीत, असे त्यांनी विचारले. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्यांनी पत्रांमागून पत्रे लिहून वाद घातला. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे धर्माधिकाऱ्यांनी सुचवताच त्या खवळल्या. एक सत्ता झुगारून दुसरीच्या पायाशी बसण्यासाठी हा खटाटोप नाही, अशी त्यांची भूमिका होती. या काळातील त्यांची पत्रे वाचताना एका तल्लख बुद्धीचा प्रत्यय येतो. तिच्याभोवतीचा एकाकीपणाही जाणवतो. ख्रिस्ती धर्म त्यांना पटला होता. त्यातील माया त्यांनी दुसऱ्यांच्या जीवनात पाहिली होती.

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेतच सुमारे तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तेथील दात्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत उभी केली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. १८९० च्या अखेरीस सदन पुण्यास हलले.

पुण्यात आल्यानंतर, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या हाती ‘फ्रॉम डेथ टु लाइफ’ हे पुस्तक आले. लेखक विल्यम हॅस्लम हे कॉर्नवॉलमधील धर्मगुरू. अनेक वर्षे पौरोहित्य केल्यावर, स्वतःच दिलेल्या प्रवचनाच्या ओघात आपल्याला खरी श्रद्धा गवसली, अशी त्यांची कहाणी आहे. ती वाचताना रमाबाई थबकल्या. बाप्तिस्म्याला आठ वर्षे होत आली होती. धर्म स्वीकारला, पण ज्याच्या नावाने तो चालतो त्या ख्रिस्ताशी आपले नाते जुळलेलेच नाही, हे त्यांनी स्वतःशी मान्य केले. जी स्त्री शास्त्र्यांपुढे आणि बिशपांपुढे झुकली नव्हती, तिने आपल्या पांडित्याला येथे काही किंमत नाही असे कबूल केले. देवाचे प्रेम मिळवावे लागत नाही, ते आधीच दिलेले आहे, हा अनुभव त्यांनी नंतर आपल्या साक्षीत अत्यंत साध्या शब्दांत नोंदवला. बालपणापासून व्रते आणि उपवास यांच्या मोबदल्यात देवकृपेची वाट पाहिलेल्या व्यक्तीला या जाणिवेने किती हलके केले असेल, याची कल्पना करता येते.

या अनुभवाची किंमत लगेच मोजावी लागली. शारदा सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे आश्वासन होते. मात्र रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करत आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. पालकांची भीती निराधार होती, असे म्हणता येणार नाही. पुढे काही मुलींनी खरोखरच बाप्तिस्मा घेतला. मात्र दार बंद करून प्रार्थना करणे रमाबाईंना शक्य नव्हते आणि उरलेल्या मुलींना वाऱ्यावर सोडणेही शक्य नव्हते.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकताच वीस वर्षांपूर्वीची भूक त्यांच्या अंगात पुन्हा जागी झाली. तेथे जायला आधी त्या धजत नव्हत्या, मग निघाल्या. मदत छावण्यांमध्ये त्यांना हाडांचे सापळे झालेल्या मुली दिसल्या. त्याहून भयंकर म्हणजे या मुलींवर टपून बसलेले दलाल दिसले. तीनशेच्या आसपास मुली आणि स्त्रिया त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगमुळे एवढ्या लोकांना ठेवण्यास मनाई होती. दौंडच्या वाटेवरील केडगाव येथे फळबागेसाठी घेऊन ठेवलेली जमीन तेव्हा कामी आली. तंबू आणि झोपड्यांतून ‘मुक्ती’ उभी राहिली.

नव्या मुली सौम्य नव्हत्या. उपासमारीने आणि अत्याचाराने त्या ओरबाडणाऱ्या, अन्न चोरून लपवणाऱ्या, कोणावरही विश्वास न ठेवणाऱ्या झाल्या होत्या. त्यांना न्हाऊ घालणे, जखमा धुणे, रात्री जवळ घेऊन झोपणे ही कामे सदनातील जुन्या मुलींवर आली. यांपैकी कित्येक उच्चवर्णीय बालविधवा होत्या. परक्या जातीच्या पोरीला शिवणेही काही वर्षांपूर्वी त्यांना पाप वाटले असते. आता एकेका मोठ्या मुलीकडे एकेक धाकटी सोपवली गेली. रमाबाईंना जे प्रेम फुलहॅममध्ये नवल म्हणून दिसले होते, ते येथे रोजच्या कामाच्या वाटणीत उतरले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना असे उद्योग निघाले. अंध मुलींसाठी वेगळे सदन झाले. मनोरमेने ब्रेल लिपी शिकून त्यांना वाचायला शिकवले. फसवल्या गेलेल्या आणि टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ निघाले. फुलहॅमची आठवण ठेवून उभारलेले ते घर होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

ही माया भाबडी मात्र नव्हती. १८९७ मध्ये पुण्यातील सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात जाहीर पत्र लिहून सरकारला धारेवर धरले. त्याचे पडसाद ब्रिटिश संसदेपर्यंत उमटले. आपल्या मुलींच्या प्रश्नावर राज्यकर्ते स्वधर्मीय आहेत, हा विचार त्यांना आड आला नाही.

जून १९०५ अखेरची मुक्तीतील घटना ख्रिस्ती जगतात आजही सांगितली जाते. वेल्समधील आणि खासी टेकड्यांतील धर्मजागृतीच्या वार्ता केडगावात पोहोचल्या होत्या. शेकडो मुली रोज प्रार्थनेस जमत होत्या. एका रात्री एक मुलगी जागी झाली, ती आपल्या अंगावर आग उतरली आहे, असे म्हणत. सोबतची दुसरी मुलगी पाण्याची बादली आणायला धावली आणि मग तिच्या लक्षात आले, की कोठेच काही जळत नाही. पुढे कित्येक दिवस रडणे, पापांची कबुली, हसणे, गाणे यांनी मुक्तीचा परिसर भरून गेला. काही मिशनऱ्यांनाच हा प्रकार अतिरेकी वाटला. रमाबाईंनी तो दडपला नाही आणि त्याचा बडेजावही केला नाही. त्या आवेगाची परीक्षा मुलींच्या नंतरच्या वागण्यात होते, अशी त्यांची दृष्टी होती. भारावलेल्या मुली गट करून आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या, सकाळच्या जात्यावर आणि शेतातही परतल्या.

रमाबाई स्वतः पांढऱ्या सुती वस्त्रांत राहत. केस आखूड, कानांनी जवळजवळ बहिऱ्या, हातात बहुधा कागद. उत्तरायुष्याची पंधराहून अधिक वर्षे त्यांनी एका कामाला दिली. खेड्यातील बाईलाही समजेल अशा मराठीत, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबलचे भाषांतर त्यांनी हाती घेतले. त्यासाठी चाळिशी उलटल्यावर त्या दोन्ही भाषा शिकल्या. आयुष्यभर विद्वानांशी संस्कृतात वाद घालणाऱ्या या पंडितेने आता जड संस्कृत शब्द एकेक करून गाळले. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले.

मनोरमेवर त्यांची सारी भिस्त होती. गुलबर्ग्याची शाळा, अंध मुली आणि मुक्तीचा कारभार तिच्या हाती सोपवण्याची तयारी झाली होती. २४ जुलै १९२१ रोजी चाळिसाव्या वर्षी मनोरमा गेली. रमाबाईंनी भाषांतराचे काम थांबवले नाही. मुद्रिते तपासणे चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. मुक्तीच्या छापखान्यात बायबलची छपाई त्यानंतरही सुरू होती. त्यांनी वाढवलेल्या मुलींनीच खिळे जुळवले, कागद दाबले, पाने बांधली आणि १९२४ मध्ये संपूर्ण ग्रंथ बाहेर पडला.