सागाचे ब्रँडिससाहेब

यंदा आमच्या वर्गाने शाळेमागे सागाची रोपे केली. तेव्हा गुरुजींनी आम्हाला डॉ. डीट्रिच ब्रँडिस यांची माहिती सांगितली. ती मला लय आवडली म्हणून लिहीत आहे.

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी जर्मनीतील बॉन शहरी झाला. त्यांचे वडील प्राध्यापक होते. लहानपणी ते वडिलांसोबत काही काळ ग्रीस देशात राहिले. पुढे ते वनस्पतिशास्त्र शिकले व बॉनच्या विद्यापीठात शिकवू लागले.

१८५६ साली इंग्रज सरकारने त्यांना ब्रह्मदेशात पेगूच्या सागाच्या जंगलावर नेमले. जहाजांसाठी साग भराभर तुटत होता. किती उरला याचा हिशेब नव्हता. ब्रँडिससाहेब हत्तीवर बसून जंगलात हिंडत. हातात काड्या आणि चाकू असे. मोठे झाड दिसले की एका काडीवर खाच, लहान दिसले की दुसऱ्या काडीवर. मग खाचा मोजायच्या. कागद पावसात भिजतो, खाच काही भिजत नाही! जेवढे वाढते तेवढेच तोडायचे, असा त्यांचा नियम होता.

तिथले कारेन लोक डोंगरावर जंगल जाळून धान पेरत आणि मग जागा बदलत. साहेबांनी त्यांच्याकडून धानातच साग लावून घेतला. धान घरी गेले, साग तिथे वाढला.

१८६४ साली ते हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. १८७८ साली त्यांनी डेहराडूनला वनशाळा काढली. त्याच साली जंगलाचा नवा कायदा आला. गावकऱ्यांच्या सरपणावर आणि चराईवर बंधने आली. गावाला गावाचे जंगल असावे, असे साहेबांचे मत होते, पण ते फारसे चालले नाही. १८८३ साली ते निवृत्त झाले. तरी अभ्यास सोडला नाही. १९०६ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचा भारतातील झाडांवरचा मोठा ग्रंथ निघाला. २८ मे १९०७ रोजी बॉनला ते वारले.

पुढे डेहराडूनच्या संशोधकांनी निरनिराळ्या प्रांतांतले सागाचे बी आणून एकाच ठिकाणी शेजारीशेजारी लावून पाहिले. बी कुठले, यावर रोपाची वाढ, खोडाचा सरळपणा हे बरेच अवलंबून असते, असे दिसले.

आम्हीही दोन वाफे केले. एकात आलापल्लीकडचे बी, एकात आमच्या गावचे. आलापल्लीचे बी मोठे होते, आमचे बारीक. आम्ही ते रात्री भिजवून दिवसा वाळवले. असे बरेच दिवस केले, कारण सागाचे कवच फार टणक असते. मी धांड्यावर खाचा पाडून रोपे मोजली. आलापल्लीची जास्त उगवली, पानेही मोठी. पण मी चार दिवस मामाच्या गावाला गेलो, पाणी पडले नाही, तर तीच जास्त सुकली. आमची बुटकी रोपे टिकली. गुरुजी म्हणाले की एका उन्हाळ्यावरून निकाल लावायचा नसतो.

आता एक खरी गोष्ट सांगतो. गुरुजींनी सरळ सागाचे बी आणायला सांगितले होते. मी धुऱ्यावरच्या वाकड्या सागाचे आणले, कारण त्याची फांदी हाताला येत होती. आणि सरळ झाडाचे आहे असे खोटे सांगितले. रोप लहानपणी सारखेच दिसते. खोड वाकडे निघाले तर ते वीस वर्षांनी कळेल, तेव्हा मी कुठे असेन? साहेबांनी एकेका झाडाची खाच खरी पाडली आणि मी पाटीवर खोटे लिहिले, याची मला लाज वाटली. मी गुरुजींना सांगून टाकले. ते रागावले नाहीत. पाटी पुसून मीच नवी लिहिली: धुऱ्यावरचा वाकडा साग.

येत्या हिवाळ्यात बाबा मला नाल्याकाठच्या उंच सागाकडे नेणार आहेत. मित्रांनो, तुम्हीही बी घेताना आधी झाड पाहा.

— इयत्ता ४ थी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. मानोरा, जि. वाशीम