जेम्स औट्रम

सर जेम्स औट्रम (२९ जानेवारी १८०३ – ११ मार्च १८६३) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील लष्करी अधिकारी व राजकीय प्रतिनिधी होते. खानदेशात त्यांनी भिल्ल पलटण उभारली. १८४३ च्या सिंध युद्धाचे समर्थन ज्या गुप्त वार्तांच्या आधारे केले गेले, त्यांवर त्यांनी पुढे जाहीर आक्षेप घेतला. चाळीसगाव व कन्नड यांच्या दरम्यानचा औट्रम घाट त्यांच्या नावाने ओळखला जातो.

सुरुवातीचे जीवन व खानदेश

औट्रम यांचा जन्म इंग्लंडमधील डर्बिशर परगण्यात झाला. वडील बेंजामिन औट्रम हे अभियंता होते. त्यांच्या अकाली निधनानंतर आईने मुलांना स्कॉटलंडमध्ये वाढवले. १८१९ मध्ये औट्रम मुंबईच्या लष्करात दाखल झाले.

पेशवाईच्या अस्तानंतर खानदेश कंपनीच्या ताब्यात आला, तरी सातपुडा व सातमाळा डोंगरांतील भिल्लांचा प्रतिकार चालू होता. १८२५ मध्ये औट्रम यांच्याकडे भिल्लांची पलटण उभारण्याचे काम सोपवण्यात आले. तिचे ठाणे धरणगाव (आताचा जळगाव जिल्हा) येथे होते. शिकारीच्या निमित्ताने भिल्लांत मिसळून त्यांनी विश्वास मिळवला. १८३५ मध्ये त्यांची गुजरातेत महीकांठा येथे नेमणूक झाली. पहिल्या अफगाण युद्धाच्या काळात ते सिंधमध्ये कंपनीचे प्रतिनिधी झाले.

सिंधमधील पत्रांचे प्रकरण

सिंधवर हैदराबाद, खैरपूर व मीरपूर येथील तालपूर अमीरांची सत्ता होती. १८४२ मध्ये हे अमीर कंपनीविरुद्ध कारस्थान करीत असल्याच्या वार्ता जमा झाल्या. त्यांत दोन पत्रांना विशेष महत्त्व आले. एक खैरपूरचे मीर रुस्तम खान यांनी पंजाबचे महाराजा शेरसिंग यांना, तर दुसरे हैदराबादचे मीर नसीर खान यांनी बुगती टोळीच्या प्रमुखाला लिहिल्याचे सांगण्यात आले. ही माहिती जमवण्यात खुद्द औट्रम यांच्या कचेरीचा वाटा होता आणि अमीरांशी अधिक कडक तह करावा, असे प्रारंभी त्यांचेही मत होते.

पत्रे खरी ठरल्यास नवा तह लादावा, असे गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो यांचे धोरण होते. हा निर्णय त्यांनी सेनापती सर चार्ल्स नेपियर यांच्यावर सोपवला. नेपियर यांनी शिक्के व हस्ताक्षर जुळवून पत्रे खरी मानली. मात्र शिक्का बनावट असू शकतो, किंवा धन्याच्या नकळत कारभाऱ्याने तो वापरलेला असू शकतो, ही शंका शिल्लक राहिली. ८ फेब्रुवारी १८४३ रोजी हैदराबादेत औट्रम यांच्याशी झालेल्या भेटीत अमीरांनी पत्रे नाकारली व ती दाखवण्याची मागणी केली. ती त्यांना दाखवण्यात आली नाहीत.

१२ फेब्रुवारीला अमीरांनी तहावर शिक्के उमटवले. परंतु नेपियर यांचे सैन्य पुढे सरकतच होते. १५ फेब्रुवारीला बलुच सैन्याने रेसिडेन्सीवर हल्ला केला. औट्रम यांनी काही तास प्रतिकार करून आगबोटीने माघार घेतली. १७ फेब्रुवारीला मियाणीची व २४ मार्चला दाबोची लढाई झाली. त्यानंतर सिंध खालसा झाले. मीर रुस्तम खान यांचे १८४६ मध्ये पुण्यात कैदेतच निधन झाले.

वाद

औट्रम यांनी लुटीतील आपला वाटा स्वतःसाठी न ठेवता धर्मादाय कामांना दिला. कंपनीच्या संचालकांनी सिंधविषयक धोरणाचा निषेध केला, तर ब्रिटिश पार्लमेंटने नेपियर यांचे आभार मानले. नेपियर यांचे बंधू विल्यम यांनी युद्धाच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिला. त्याला औट्रम यांनी १८४६ मध्ये ग्रंथानेच उत्तर दिले. अमीरांशी झालेल्या बोलण्याची टिपणे गव्हर्नर जनरलकडे वेळेवर पोहोचवली गेली नाहीत, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप होता. पूर्वी औट्रम यांना बायार्ड या फ्रेंच वीराची उपमा देणारे नेपियर आता त्यांचे कट्टर विरोधक बनले. पुढे, या युद्धात नेपियर यांच्या बाजूने राहिलेले मीर अली मुराद यांनी एका तहाच्या लेखात फेरफार केल्याचे १८५० च्या चौकशीत ठरले व त्यांचा बराच मुलूख काढून घेण्यात आला. या निष्कर्षाचा वरील दोन पत्रांशी थेट संबंध नव्हता.

उत्तरायुष्य व मूल्यमापन

औट्रम यांनी सातारा व बडोदा येथे रेसिडेंट म्हणून काम केले. बडोद्यातील लाचलुचपतीवर कडक अहवाल दिल्यामुळे त्यांना काही काळ पद सोडावे लागले. १८५४ मध्ये ते लखनौला गेले. तेथील गैरकारभारावर त्यांनी १८५५ मध्ये दिलेला अहवाल बऱ्याच अंशी रेसिडेन्सीच्या जुन्या कागदपत्रांवर आधारलेला होता. तोच पुढे अवध खालसा करण्याचा एक प्रमुख आधार ठरला. सिंधच्या प्रकरणात पुराव्याची शहानिशा मागणाऱ्या औट्रम यांचाच अहवाल अवधमध्ये राज्य बुडवण्यास कारणीभूत झाला, ही विसंगती त्यांच्या चरित्रात लक्षणीय आहे.

१८५७ मध्ये त्यांनी इराणच्या मोहिमेचे व त्यानंतर लखनौच्या लढ्यात ब्रिटिश सैन्याचे नेतृत्व केले. फ्रान्समधील पो येथे त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.