मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे

मुलांनो, विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळा, यंत्रे आणि दुर्बिणी उभ्या राहतात. आकाशातील तारे, भूगर्भातील खनिजे, वनस्पती व प्राणी यांचा अभ्यास तेथे चालतो, हे आपणांस ठाऊक असते. परंतु माणूस हाही अभ्यासाचा विषय आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. माणसाने आजवर कोणते विचार केले, त्याने नाती कशी जोडली, गावे कशी वसवली, कोणास जवळ केले आणि कोणास दूर लोटले, या सर्वांचा शोध घेणाऱ्या विद्या आहेत. तत्त्वज्ञान, भाषा, साहित्य या मानव्यविद्या होत. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानवशास्त्र ही सामाजिक शास्त्रे होत. स्त्रियांनी शाळेत जाणे हेच जेव्हा अनेकांना अप्रूप वाटे, त्या काळात एका मराठी स्त्रीने या विद्यांना आपले आयुष्य वाहिले. त्या म्हणजे इरावतीबाई कर्वे.

इरावतीबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 रोजी ब्रह्मदेशात झाला. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर हे तेथील एका कापूस कंपनीत नोकरीस होते. मिंज्यान हे त्यांचे गाव इरावती नदीच्या काठी वसलेले होते. त्या महानदीचेच नाव करमरकरांनी आपल्या कन्येस ठेवले. पाच भावांत ही एकुलती एक बहीण. ती सात वर्षांची होताच वडिलांनी शिक्षणासाठी तिला दूर पुण्यास, हुजूरपागेच्या मुलींच्या शाळेत पाठवले. आईबापांना सोडून समुद्र ओलांडून येणाऱ्या त्या चिमुरडीस काय वाटले असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

पुण्यात तिला एक मैत्रीण लाभली. तिचे नाव शकुंतला. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांची ती कन्या. परांजपे हे गणितात मोठा नावलौकिक मिळवलेले विद्वान व फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांच्या कुटुंबाने इरावतीला आपल्या घरी आणले आणि पोटच्या मुलीप्रमाणे वाढवले. त्या घरी पुस्तकांना तोटा नव्हता, आणि कोणतीही गोष्ट केवळ वडीलधारे सांगतात म्हणून खरी मानावी असा दंडकही नव्हता. प्रश्न विचारावा, पुरावा पाहावा आणि मगच मत बनवावे, ही सवय इरावतीला येथेच जडली. पुढे हीच सवय तिच्या कसोटीच्या प्रसंगी कामी आली.

शालेय शिक्षण संपवून इरावती फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाली आणि 1926 साली तत्त्वज्ञान हा विषय घेऊन बी. ए. झाली. तिला दक्षिणा फेलोशिप मिळाली. त्या विद्यावेतनाच्या आधारावर तिने मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा अभ्यास आरंभला. त्या विद्यापीठातील समाजशास्त्राचा विभाग 1919 साली सुरू झाला होता. भारतात हे शास्त्र अद्याप बाल्यावस्थेत होते. विभागाची धुरा डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या खांद्यावर होती. तत्त्वज्ञानात माणसाविषयी चिंतन होते. समाजशास्त्रात माणसांच्या घरी जाऊन, त्यांच्या चालीरीती पाहून, विचारपूस करून, नोंदी करून मग निष्कर्ष काढावयाचा असतो. इरावतीला ही रीत मनापासून भावली. 1928 साली तिने प्रबंध लिहून एम. ए. ची पदवी मिळवली.

याच सुमारास तिचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी स्वतः जर्मनीत जाऊन डॉक्टरेट मिळवली होती. आपल्या पत्नीनेही तेथे जाऊन संशोधन करावे, असे त्यांना वाटू लागले. परंतु त्यांचे वडील महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या मनास ही गोष्ट मानवली नाही. ज्यांनी 1916 साली स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापन केले, त्यांनीच सुनेच्या परदेशगमनास अनुकूलता दाखवू नये, याचे आपणांस नवल वाटेल. थोर माणसांच्या मनातही काही जुने संकोच घर करून राहतात. दिनकररावांनी वडिलांचा मान राखला, परंतु निश्चय सोडला नाही. डॉ. जीवराज मेहता यांनी कर्जाऊ रक्कम दिली आणि 1928 साली इरावतीबाई जर्मनीस निघाल्या.

बर्लिन शहरात कैसर विल्हेल्म संस्थेची मानवशास्त्राची शाखा नुकतीच, 1927 साली, सुरू झाली होती. प्राध्यापक ऑइगेन फिशर हे तिचे संचालक होते. युरोपातील विद्वानांत त्यांचा मोठा दबदबा होता. इरावतीबाई त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करू लागल्या. फिशर यांनी त्यांना विषय नेमून दिला तो मानवी कवट्यांचा. माणसाच्या कवटीची उजवी व डावी बाजू तंतोतंत सारखी नसते, थोडा असमतोल असतोच. हा असमतोल गोऱ्या युरोपीय लोकांत विशेष आढळतो आणि त्यांची विचारशक्ती इतर मानववंशांहून श्रेष्ठ असल्याची ती खूण आहे, असा फिशर यांचा तर्क होता. आपल्या शिष्येने मोजमापे घेऊन या तर्कास पुरावा जमवावा, ही त्यांची अपेक्षा होती.

इरावतीबाई कामास लागल्या. त्यांनी निरनिराळ्या वंशांच्या 149 कवट्या तपासल्या. एकेक कवटी हाती घ्यावी, मोजपट्टी व कंपास यांनी तिची अंगे मोजावीत, आकडे टिपून घ्यावेत, पुन्हा पडताळून पाहावेत, असे ते चिकाटीचे काम होते. सर्व आकडे एकत्र मांडल्यावर जे दिसले, ते गुरूंच्या तर्काच्या नेमके उलट होते. असमतोल सर्वच वंशांच्या कवट्यांत होता. तो अमक्या वंशात अधिक व तमक्यात उणा, असा कोणताही नियम आकड्यांतून निघत नव्हता. गोरा आणि काळा हा भेद त्या कवट्यांना ठाऊकच नव्हता.

आता त्या तरुण विद्यार्थिनीची स्थिती ध्यानी घ्या. देश परका, भाषा परकी, पैसा कर्जाचा. पदवी मिळणे न मिळणे गुरूंच्या हाती. त्यांच्या मनासारखा निष्कर्ष लिहिला असता, तर शाबासकी मिळाली असती. चार प्रतिकूल आकडे वगळले असते, तर कोणास कळलेही नसते. परंतु इरावतीबाईंनी आकड्यांशी बेइमानी केली नाही. कवटीचा असमतोल आणि मानववंश यांचा काही संबंध नाही, असे त्यांनी आपल्या जर्मन प्रबंधात स्पष्ट लिहिले. 1930 साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. गुण देताना मात्र गुरूंनी हात आखडता घेतला.

या प्रसंगाचे मोल पुढे काही वर्षांनी जगास कळून आले. 1933 साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. ज्यांच्या मनात वंशश्रेष्ठत्वाचे वेड होते, त्यांना आता राजाश्रय मिळाला. 1935 साली न्यूरेंबर्ग येथे ज्यूंचे नागरिकत्व हिरावून घेणारे कायदे झाले आणि पुढे लाखो निरपराध माणसांचा संहार झाला. स्वतः फिशर त्या राजवटीच्या सेवेत गेले. शास्त्राच्या नावाखाली खोटे पसरले, तर केवढा अनर्थ ओढवतो, हे यावरून दिसते. एका मराठी विद्यार्थिनीने ते खोटे त्याच संस्थेत बसून, मोजपट्टीच्या साहाय्याने, आधीच उघडे पाडले होते.

मायदेशी परतल्यावर इरावतीबाईंनी 1931 ते 1936 या काळात महिला विद्यापीठात कुलसचिवाचे काम पाहिले. परंतु कचेरीच्या कागदपत्रांत त्यांचे मन रमेना. 1939 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे संशोधन-संस्था म्हणून पुनरुज्जीवन झाले, तेव्हा त्या तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून रुजू झाल्या. हेच त्यांचे खरे कार्यक्षेत्र ठरले. पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख सांकलिया हे तेथील त्यांचे सहकारी. गुजरातेतील लांघणज येथे सांकलियांच्या उत्खननात अश्मयुगीन मानवाचे सांगाडे सापडले. त्या शोधमोहिमेत इरावतीबाईही होत्या. बर्लिनमध्ये शिकलेली विद्या अशी मायभूमीच्या मातीत उपयोगी पडली.

इरावतीबाईंचा खरा ओढा मात्र जिवंत माणसांकडे होता. तुटपुंज्या साधनांनिशी त्या देशभर हिंडल्या. ज्या प्रदेशात जावे, तेथील लोक मामास, आत्यास, दिरास, भावजयीस काय म्हणतात, ते त्या टिपून घेत. नात्यांच्या नावांत अभ्यासण्यासारखे काय आहे, असे तुम्हांस वाटेल. एक घरगुती उदाहरण पाहा. पूर्वी आपल्याकडे सुना सासऱ्यास मामंजी व सासूस आत्याबाई म्हणत. सासरा हा मामा कसा? तर मामाच्या घरी मुलगी देण्याची, म्हणजे आतेमामेभावंडांत लग्न करण्याची चाल दक्षिणेत रूढ आहे आणि महाराष्ट्रातही काही समाजांत ती आढळते. तमिळ भाषेतही मामा हा शब्द आईचा भाऊ व सासरा या दोघांसाठी वापरतात. उलट उत्तर भारतात बहुतेक ठिकाणी अशी लग्ने निषिद्ध मानतात. म्हणजे आजीच्या तोंडचा एक शब्द आपल्याला सांगून जातो, की महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांना सांधणारा प्रदेश आहे. अशा शेकडो शब्दांचा व चालींचा मेळ घालून इरावतीबाईंनी भारतातील नातेव्यवस्थेवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार विभाग पाडून त्यांनी त्यात विवेचन केले आहे. तो 1953 साली प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या विद्वानांनी त्याची दखल घेतली.

विद्वत्तेमुळे इरावतीबाई लोकांपासून दूर गेल्या नाहीत. त्या पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर पायी चालल्या. वारकऱ्यांचे प्रेम पाहून त्यांचे अंतःकरण भरून आले. परंतु एकाच विठ्ठलाचे नाव घेत चालणारी माणसे जेवावयास मात्र जातीजातींच्या वेगळ्या पंगतींत बसतात, हे पाहून त्यांना खंतही वाटली. या दोन्ही गोष्टी त्यांनी मोकळेपणाने लिहिल्या. कोयनेच्या धरणामुळे ज्यांची घरेदारे, शेतीवाडी गेली, त्यांचे पुढे काय झाले, याचीही त्यांनी पाहणी केली. धरण बांधताना पाणी व वीज यांचा हिशेब होतो. उठून गेलेल्या माणसांचा हिशेब कोणी ठेवावयाचा? सामाजिक शास्त्रे हाच प्रश्न विचारीत असतात.

इरावतीबाईंची मराठी लेखणीही तितकीच समर्थ होती. ‘परिपूर्ती’ व ‘भोवरा’ हे त्यांचे ललित लेखांचे संग्रह रसिकांच्या आवडीचे झाले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने अनेक हस्तलिखिते ताडून महाभारताची संशोधित आवृत्ती सिद्ध केली होती. तिच्या आधारे त्यांनी ‘युगान्त’ हा ग्रंथ लिहिला. भीष्म, कुंती, गांधारी, द्रौपदी, कर्ण ही पात्रे त्यांनी देवत्वाच्या वलयातून बाहेर काढून माणसे म्हणून पाहिली. 1968 साली या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. कवट्या मोजणारी शास्त्रज्ञ आणि महाभारत उलगडणारी लेखिका, ही एकाच व्यक्तीची दोन रूपे होती. दोन्ही ठिकाणी त्यांचा शोध माणसाचाच होता.

त्यांचे घरगुती जीवनही आनंदाचे होते. तीन मुलांचा संसार, विद्यार्थ्यांचा राबता आणि लेखन हे सारे त्यांनी एकाच वेळी सांभाळले. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते. लोक वळून पाहत, परंतु त्यांना त्याचे काही वाटत नसे. 11 ऑगस्ट 1970 रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले.

मुलांनो, तुम्ही उद्या महाविद्यालयात जाल. कोणी विज्ञान शिकेल, कोणी वाणिज्य, कोणी कला शाखेकडे वळेल. इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान यांच्या पदव्या घेऊन काय उपयोग, असे विचारणारे लोक तुम्हांस भेटतील. त्या वेळी बर्लिनच्या त्या खोलीची आठवण करा. समोर कवट्यांची रांग आहे, हाती मोजपट्टी आहे, गुरूंची इच्छा एक सांगते आहे आणि आकडे दुसरेच सांगत आहेत. अशा क्षणी आकड्यांच्या बाजूने उभे राहण्याचे बळ इरावतीबाईंच्या अंगी होते. तेच त्यांच्या विद्येचे खरे फळ होय.