एकपात्री रंगमंच

एकटा मनुष्य केवळ आपल्या वाणीच्या बळावर भरलेले नाट्यगृह खिळवून ठेवू शकेल काय? पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांनी ते करून दाखविले.

त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईस झाला. चाळीतील मध्यमवर्गीयांचे जीवन विनोदाने रंगविणारे त्यांचे ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ साली प्रसिद्ध झाले. १९६१ पासून तीच चाळ ते रंगमंचावर एकट्याने उभी करू लागले. बोलता बोलता अडखळले, तर सावरून घेण्यास दुसरा नट नसे. त्यांचा आवाज व मुद्रा पालटताच नवा भाडेकरू समोर येई आणि श्रोते पोट धरून हसत. अखेरीस जुन्या चाळीचे चिंतन सुरू होई, तेव्हा तेच श्रोते गंभीर होत.

लेखनाने व प्रयोगांनी त्यांना कीर्ती आणि धन दोन्ही लाभले. परंतु ते व त्यांच्या पत्नी सुनीताबाई साधेपणानेच राहिले. १९६५ साली प्रतिष्ठान स्थापून त्यांनी आपले धन लोककार्यास दिले. व्यसनाधीनांच्या उपचारांसाठी १९८६ साली पुण्यास निघालेल्या ‘मुक्तांगण’ या संस्थेसही त्यांनी साहाय्य केले.

१२ जून २००० रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. रंगमंचावर एकट्याने मिळविलेले त्यांनी अनेकांत वाटून टाकले होते.