परत देण्यासाठी वाढवलेले पिल्लू

१९४२ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात काही शेतकरी कुटुंबांच्या घरी कुत्र्याची पिल्ले मुक्कामाला आली. घरातल्या शाळकरी मुलांनी ती सांभाळायची, माणसांत वागायला शिकवायची आणि वर्षभराने परत करायची, असे ठरले होते. परत गेलेले पिल्लू पुढे प्रशिक्षण घेऊन एखाद्या अंध माणसाला रस्त्याने नेणार होते. पिल्ले देणाऱ्या संस्थेचे नाव ‘द सीइंग आय’. तिच्या संस्थापक डोरोथी हॅरिसन यूस्टिस यांनी अध्यक्षपद सोडून तेव्हा दोन वर्षे झाली होती. चांगला कुत्रा चांगल्या वंशातून घडतो, या विचाराने त्यांनी कामाला सुरुवात केली होती. वंशाइतकेच घरही लागते, हे मात्र या शेतघरांनी पुढे दाखवून दिले.

डोरोथी यांचा जन्म ३० मे १८८६ रोजी फिलाडेल्फियात झाला. वडिलांचा साखर शुद्धीकरणाचा मोठा व्यवसाय होता. पुढे ते पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्रमुख झाले. घरात पैशाला तोटा नव्हता. १९०६ मध्ये त्यांचे लग्न वॉल्टर वुड यांच्याशी झाले. वुड घराण्याचा न्यूयॉर्क राज्यातील हूसिक फॉल्स या गावी गवत आणि पीक कापणीची यंत्रे बनवण्याचा कारखाना होता. तिथल्या शेतावर पती-पत्नींनी दुभत्या गाईंवर प्रयोग सुरू केले. कोणत्या गाईच्या कालवडी जास्त दूध देतात याच्या नोंदी ठेवायच्या आणि त्याच वंशातून पुढची पैदास करायची, ही पद्धत डोरोथी तिथे शिकल्या. १९१५ मध्ये वॉल्टर गेले. दोन मुलगे आणि एक जर्मन शेफर्ड कुत्रा यांच्यासह त्या एकट्या राहिल्या.

या कुत्र्याचे नाव हान्स. आपल्याकडे ज्याला अल्सेशियन म्हणतात, त्याच जातीचा. त्याची समज आणि माणसांवरचा जीव पाहून डोरोथी यांना प्रश्न पडला, की या जातीचे सगळेच कुत्रे असे का नसतात? तोवर प्रदर्शनांतील बक्षिसांसाठी पैदास करणाऱ्यांनी पाठीचा उतार आणि कानांचा डौल यांवरच लक्ष दिले होते. बुद्धी आणि स्वभाव यांची नोंद कोणी ठेवत नव्हते. गाईंच्या दुधाबाबत जे जमले, ते कुत्र्यांच्या गुणांबाबत का जमू नये, असा त्यांचा हिशोब होता. हिशोब चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. हान्स कुठल्या श्वानशाळेत वाढला नव्हता. तो घरात, मुलांच्या संगतीत राहणारा कुत्रा होता.

१९२१ मध्ये डोरोथी स्वित्झर्लंडला गेल्या. जिनिव्हा सरोवराकाठच्या व्हेवे शहराच्या वर, माँ पेलरँ या डोंगरावर त्यांनी जागा घेतली आणि तिला ‘फॉर्च्युनेट फील्ड्स’ असे नाव दिले. १९२३ मध्ये जॉर्ज यूस्टिस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. घोड्यांना शिकवण्यात मुरलेले जॅक हम्फ्री त्यांच्या मदतीला आले. इथे प्रत्येक कुत्र्याच्या नाकाची तीक्ष्णता, धीटपणा, आवाजाला दचकण्याची वृत्ती, शिकण्याची तयारी यांची काटेकोर नोंद होऊ लागली. त्या नोंदी पाहूनच जोड्या ठरत. तयार झालेले कुत्रे पोलीस, सैन्य आणि जकात खात्याकडे जात. अंधांचा विचार या योजनेत कुठेही नव्हता.

तो आला जर्मनीतून. पहिल्या महायुद्धात विषारी वायू आणि स्फोटांमुळे हजारो सैनिकांची दृष्टी गेली होती. डॉ. गेरहार्ड स्टालिंग यांनी १९१६ मध्ये ओल्डनबुर्ग इथे अशा सैनिकांसाठी कुत्रे तयार करणारी शाळा सुरू केली आणि पुढे पॉट्सडॅमलाही अशी शाळा निघाली. पॉट्सडॅमची शाळा पाहून डोरोथी थक्क झाल्या. शाळेच्या दारातून चाचपडत आत आलेला माणूस काही आठवड्यांनी कुत्र्याच्या जोडीने ताठ मानेने बाहेर पडत होता. ५ नोव्हेंबर १९२७ च्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या अमेरिकी साप्ताहिकात त्यांनी त्यावर लेख लिहिला. लेख लिहिला आणि विषय संपला, असे त्यांना वाटले असावे.

पण अमेरिकेतून पत्रे येऊ लागली. त्यांतले एक टेनेसी राज्यातील नॅशव्हिलच्या मॉरिस फ्रँक या १९ वर्षांच्या तरुणाचे होते. एक डोळा लहानपणी, दुसरा १६ व्या वर्षी, अशी अपघातांत त्याची दृष्टी गेली होती. वडिलांनी वाचून दाखवलेला लेख ऐकून त्याने आपल्यासाठी कुत्रा मागितला, शिवाय परत येऊन इतरांनाही शिकवण्याची तयारी दाखवली. डोरोथी यांच्याकडे असा कुत्रा नव्हता आणि शाळाही नव्हती. तरी त्यांनी त्याला बोलावले. हम्फ्री यांनी पॉट्सडॅमची पद्धत शिकून घेतली आणि कुत्री तयार केली. १९२८ च्या वसंतात मॉरिस डोंगरावर पोहोचला. आगबोटीवर त्याला सामानासारखे कर्मचाऱ्यांच्या ताब्यात दिले होते. एकट्याने डेकवर फिरायचीही मुभा नव्हती. त्याच्या हाती आलेल्या कुत्रीचे नाव त्याने बदलून ‘बडी’ ठेवले.

अशा कुत्र्याला शिकवण्यातली अवघड गोष्ट म्हणजे हुकूम मोडणे. मालकाने पुढे चल म्हटले आणि समोरून मोटार येत असेल, तर कुत्र्याने जागचे हलायचे नाही. आज्ञा पाळायला शिकवणे सोपे असते. ती केव्हा मोडायची हे कळायला कुत्र्याला जगाचा सराव हवा. गर्दी, घंटा, जिने, ट्राम, अनोळखी माणसे यांना बिचकणारा कुत्रा कितीही हुशार असला तरी या क्षणी उपयोगाचा नाही.

बडी बिचकली नाही. १९२८ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या बंदरावर उतरताच पत्रकारांनी मॉरिसला वाहनांनी गजबजलेला वेस्ट स्ट्रीट ओलांडून दाखवायला सांगितले. मध्येच त्याची दिशा हरवली आणि त्याने स्वतःला पूर्णपणे कुत्रीच्या हवाली केले. तिने त्याला सुखरूप पलीकडे नेले. यश मिळाल्याची तार त्याने एकाच शब्दात स्वित्झर्लंडला केली. २९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिलमध्ये ‘द सीइंग आय’ स्थापन झाली आणि काही वर्षांतच ती न्यू जर्सीत हलली. पुढे डोरोथी यांनी आपला वेळ आणि बरीचशी संपत्ती यातच घातली. पोलिसांसाठीची पैदास मागे पडली. संस्थेने कुत्रा फुकट न देण्याचा नियम केला. पहिल्या कुत्र्यासाठी १५० डॉलर, पुढच्यांसाठी ५० डॉलर, आणि तेही हप्त्याने. खरा खर्च त्याच्या कित्येक पट होता. पण दान घेतल्याची भावना राहू नये, हा त्यामागचा आग्रह होता. हा आकडा संस्थेने पुढे अनेक दशके वाढवलेला नाही.

१९४० मध्ये डोरोथी अध्यक्षपदावरून निवृत्त झाल्या. त्यानंतर लवकरच संस्थेने स्वतःची पैदास सुरू केली आणि नवाच प्रश्न उभा राहिला. जन्मलेले पिल्लू प्रशिक्षणाच्या वयाचे होईपर्यंतचे वर्ष कुठे काढणार? पिंजऱ्यांच्या रांगेत वाढवले तर खाणेपिणे आणि लसीकरण चोख होईल, पण जिना, स्वयंपाकघर, भांडणारी मुले आणि दाराची बेल यांची ओळख कुठून होणार? म्हणून ग्रामीण मुलांच्या ‘फोर-एच’ या संघटनेशी करार झाला. सात-आठ आठवड्यांचे पिल्लू घरी न्यायचे. त्याला बाहेर शू-शी करायला शिकवायचे, ताटातले खाऊ घालायचे नाही, अंगावर उड्या मारू द्यायच्या नाहीत, बाजारात आणि वर्दळीच्या रस्त्यावर न्यायचे. मार्गदर्शनाचे धडे घरच्यांनी द्यायचे नसतात. ते काम पुढे प्रशिक्षकाचे.

हे घर इतके महत्त्वाचे का, याचे शास्त्रीय उत्तर नंतरच्या दोन दशकांत मिळाले. मेन राज्यातील बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांच्या वाढीचा दीर्घ अभ्यास केला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू कोणाला आपले मानायचे हे शिकते, असे त्यांना दिसले. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्याच एका प्रयोगात काही पिल्लांना चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसाचा सहवास मिळू दिला नाही. ती पुढे जंगली जनावरासारखी माणसापासून पळत राहिली. कॅलिफोर्नियात अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेसोबत काम करणारे क्लॅरेन्स फॅफेनबर्गर यांनी या संशोधकांच्या मदतीने आणखी एक गोष्ट शोधली. पिल्लांच्या चाचण्या उत्तम, वंश उत्तम, पण नंतर घरी जाण्याआधी तीनेक आठवडे जास्त श्वानशाळेत राहिलेली पिल्ले प्रशिक्षणात कितीतरी जास्त प्रमाणात नापास होत होती. फॉर्च्युनेट फील्ड्सच्या नोंदवह्यांनी वंशाचा भाग दाखवला होता. या आठवड्यांचा हिशोब तिथे नव्हता.

हे निष्कर्ष पाहायला डोरोथी नव्हत्या. ८ सप्टेंबर १९४६ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, त्यांचे न्यूयॉर्कमध्ये निधन झाले. ब्रिटनमधील अंधांच्या श्वानसंस्थेला सुरुवातीचे प्रशिक्षक त्यांनीच पाठवले होते. तिथेही १९५६ पासून पिल्ले स्वयंसेवकांच्या घरी वाढू लागली. आज जगभर हीच रीत आहे.

न्यू जर्सीतील कुटुंबांना पिल्लू साधारण सव्वा वर्षाचे झाल्यावर परत द्यावे लागते. ज्याने त्याला रात्री-अपरात्री अंगणात नेले, त्याच मुलाने ते प्रशिक्षकाच्या हाती सोपवायचे असते, आणि रडू येणार हे घरच्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. नापास झालेला कुत्रा आधी त्याच घराला देऊ करतात. तो नापास व्हावा असे मनातून वाटणारेही थोडे नसतील. प्रशिक्षणाच्या शेवटी कुटुंबाला शहरात बोलावतात. रस्त्याच्या पलीकडून, कुत्र्याला वास किंवा चाहूल लागणार नाही इतक्या अंतरावरून, ते आपल्या पिल्लाला प्रशिक्षकाला घेऊन चौक ओलांडताना पाहतात. हाक मारायची नसते. बरीच कुटुंबे त्यानंतर पुढच्या पिल्लासाठी नाव नोंदवतात.