भिंत नाही, तरी आवाज अडतो! हे गणित मांडणारे लिऑन ब्रिलुआँ कोण होते?

स्पेनची राजधानी माद्रिद. तिथल्या एका संस्थेच्या बागेत स्टीलच्या पोकळ नळ्यांचं एक शिल्प उभं आहे. युसेबियो सेंपेरे या कलाकाराचं. नळ्या जेमतेम 3 सेंटिमीटर जाडीच्या आणि एकमेकींपासून 10 सेंटिमीटरवर, सारख्या अंतराने लावलेल्या. मधून वारा जातो, पलीकडचं दिसतं.

1995 साली काही संशोधकांनी या शिल्पाच्या एका बाजूने आवाज सोडला आणि दुसऱ्या बाजूला तो मोजला. बाकीचे आवाज पलीकडे पोचले, पण 1670 हर्ट्झच्या आसपासचा आवाज बराच कमी झाला होता. भिंत नाही, काच नाही, मग आवाज अडवला कुणी?

याचं उत्तर ज्या गणितात आहे, ते एका फ्रेंच शास्त्रज्ञाने अर्ध्या शतकापूर्वीच पुस्तकात लिहून ठेवलं होतं. त्यांचं नाव लिऑन ब्रिलुआँ.

घरातच विज्ञान

ब्रिलुआँ यांचा जन्म 1889 सालचा, पॅरिसजवळच्या सेव्ह्र गावातला. वडील मार्सेल ब्रिलुआँ भौतिकशास्त्रज्ञ, आईचे वडील एल्यूतेर मास्कार हेही भौतिकशास्त्रज्ञ. पॅरिसमधलं शिक्षण झाल्यावर 1912 साली ते जर्मनीत म्युनिकला आर्नोल्ड सॉमरफेल्ड यांच्याकडे शिकायला गेले. त्याच वर्षी म्युनिकमध्ये एक मोठा शोध लागला होता. स्फटिकात अणू ठरावीक अंतरावर रांगेत बसलेले असतात, हे क्ष-किरणांनी दाखवून दिलं होतं. सारख्या अंतराची रांग आणि तिच्यातून जाणारी लहर, हा विषय पुढे ब्रिलुआँ यांच्या आयुष्यभर सोबत राहिला.

पण 1914 साली महायुद्ध सुरू झालं आणि पीएचडी अर्धवट राहिली. युद्धाची वर्षं त्यांनी सैन्याच्या रेडिओ विभागात काढली. प्रबंध पूर्ण झाला तो 1920 साली. तो तपासणाऱ्यांत मेरी क्युरी होत्या.

1922 साली त्यांनी एक भाकीत केलं. पारदर्शक पदार्थात सूक्ष्म कंपनं सतत चालू असतात. प्रकाश त्यांच्यावरून विखुरला, तर त्याची वारंवारता किंचित बदलेल. आपल्याकडे दर 28 फेब्रुवारीला ज्या रामन परिणामाची आठवण काढतात, त्याचा हा नातेवाईकच म्हणा ना. रामन परिणामात रेणूच्या आतली कंपनं कामाला येतात, इथे अख्ख्या पदार्थातून धावणाऱ्या ध्वनिलहरी.

आइनस्टाइन आणि मेरी क्युरी असलेला 1927 च्या सोल्वे परिषदेचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. त्यात मागच्या रांगेत उजवीकडे अगदी टोकाला उभे आहेत ते ब्रिलुआँ.

मग आवाज अडतो कसा?

आता पुन्हा माद्रिदला जाऊ. आवाज पहिल्या नळीवर आदळतो, त्यातला थोडा मागे फिरतो. उरलेला 10 सेंटिमीटर पुढे जाऊन दुसऱ्या नळीवर आदळतो. तिथून मागे फिरलेल्या आवाजाला जाऊन-येऊन 20 सेंटिमीटर जास्त चालावं लागतं. लहरीची लांबीही 20 सेंटिमीटर असेल, तर हे दोन्ही परतणारे आवाज एकाच तालात येतात. तिसऱ्या, चौथ्या नळीचंही तेच. सगळे मिळून एवढा आवाज मागे ढकलतात की पुढे जायला फारसं काही उरत नाही.

हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. 1670 ने भागलं की लांबी येते साधारण 20 सेंटिमीटर. हिशोब जुळला!

कोणत्या लहरी जातील आणि कोणत्या अडतील, याच्या सीमा ब्रिलुआँ यांनी 1930 साली स्फटिकांसाठी आखून दिल्या. एमएस्सी फिजिक्सवाले त्यांना आजही 'ब्रिलुआँ झोन' म्हणून शिकतात.

सगळं सोडून जायची वेळ

1932 साली ते कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले. 1939 साली, दुसरं महायुद्ध तोंडावर असताना, सरकारने त्यांना राष्ट्रीय रेडिओचं प्रमुख केलं. वर्षभरात फ्रान्स हरला. सरकार व्हिशी शहरात गेलं, त्यासोबत ब्रिलुआँही गेले. काही महिन्यांत मात्र त्यांनी राजीनामा दिला आणि 1941 साली देश सोडून अमेरिका गाठली. वय होतं पन्नाशी पार. पॅरिसमधली खुर्ची मागे राहिली आणि दुसऱ्या देशात पुन्हा सुरुवात करावी लागली.

तिथे त्यांनी विद्यापीठांत शिकवलं, रडारशी संबंधित युद्धकाम केलं. आणि 1946 साली नियतकालिक रचनांमधल्या लहरींवरचं आपलं पुस्तक इंग्रजीत आणलं. त्याची सुरुवात होते न्यूटनपासून: स्प्रिंगने जोडलेल्या गोळ्यांची साखळी. पुढे तेच गणित विजेच्या फिल्टरला आणि स्फटिकालाही लागू पडतं, हे ते दाखवतात. साखळी कशाचीही असो, नियम एकच. भौतिकशास्त्रज्ञाचं हे पुस्तक इंजिनियरच्याही टेबलावर गेलं ते यामुळेच.

आज याचा उपयोग काय?

विमानाच्या पत्र्याला आतून ठरावीक अंतरावर पट्ट्या असतात, रेल्वेच्या रुळाखाली ठरावीक अंतरावर स्लीपर असतात. यांची कंपनं अभ्यासताना हेच गणित लागतं. 2012 साली फ्रान्समध्ये ग्रेनोबलजवळ जमिनीत 5 मीटर खोल भोकांच्या रांगा पाडून 50 हर्ट्झची कंपनं अडवून पाहिली. प्रयोग जमला.

मग भूकंप अडवता येईल? इतक्यात नाही. भूकंपाच्या विध्वंसक लहरींची वारंवारता काही हर्ट्झ किंवा त्याहूनही कमी असते, म्हणजे लांबी खूप मोठी, कधी शेकडो मीटर. रांगेतलं अंतरही त्याच हिशोबात वाढवायचं, तर अख्खं शहर खोदावं लागेल. वेगळ्या प्रकारच्या, लहान रचनांवर संशोधन चालू आहे.

ब्रिलुआँ 1969 साली न्यूयॉर्कमध्ये वारले. माद्रिदच्या शिल्पातला आवाज मोजला गेला तो त्यानंतर 26 वर्षांनी. पुढच्या वेळी सारख्या अंतराचं रेलिंग किंवा नळ्यांची रांग दिसली, तर मधलं अंतर नक्की बघा. कुठला आवाज तिथे अडखळू शकेल, याचा अंदाज आता तुम्हीही बांधू शकता.