ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल, १८९२ – ३१ ऑगस्ट, १९७३) या मराठी बालशिक्षणतज्ज्ञ व समाजकार्यकर्त्या होत्या. भारतात माँटेसरी पद्धतीवर आधारलेले पूर्वप्राथमिक शिक्षण रुजवण्यात, आणि पुढे ते ग्रामीण व आदिवासी मुलांपर्यंत पोहोचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. अंगणवाडी ही कल्पना त्यांच्या कार्यातून पुढे आली.

जीवन

ताराबाईंचा जन्म मुंबई येथे झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर आणि आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाशी संबंधित होते. मुलींच्या शिक्षणाविषयी अनुकूल असलेल्या या घरात त्यांचे शिक्षण झाले आणि १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. १९१५ साली अमरावतीचे वकील कृष्णा विनायक मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार फार काळ टिकला नाही. १९२१च्या सुमारास पतीपासून विभक्त होऊन त्यांनी लहान मुलीसह स्वतंत्र आयुष्य सुरू केले. राजकोट येथील बार्टन फिमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली.

भावनगर व दादर

भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. १९२३ साली प्राचार्यपद सोडून ताराबाई त्यांच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी केले. शिक्षेची भीती दाखवून आणि पाठांतर करवून शिकवण्याच्या रूढ पद्धतीला पर्याय आहे, हे या मासिकामुळे मराठी पालकांना व शिक्षकांना कळू लागले. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. तेथे बालमंदिराबरोबरच शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचेही काम चाले.

बोर्डी व कोसबाड

मारिया माँटेसरी यांची पहिली शाळा १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत उघडली होती. भारतात मात्र ही पद्धत महागड्या साधनांमुळे शहरांतील संपन्न कुटुंबांपुरती राहण्याची चिन्हे दिसत होती. ही मर्यादा ओलांडण्यासाठी ताराबाईंनी १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र स्थापन केले. त्याच वर्षी बोरिवली येथील कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची अनुताई वाघ यांच्याशी भेट झाली. पुढे अनुताई त्यांच्या आयुष्यभराच्या सहकारी ठरल्या.

बोलावूनही मुले बालवाडीत येत नाहीत, असे बोर्डीत दिसून आले. तेव्हा कार्यकर्त्या मुलांच्या वस्तीत जाऊन एखाद्या घराच्या अंगणातच बालवाडी भरवू लागल्या. हीच अंगणवाडी होय. १९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलवण्यात आले. तेथील वारली मुले दिवसभर गुरे राखत, म्हणून गुरे चरतात त्या जागीच कुरणशाळा भरवण्यात आली. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मोठी मुले घरी राहत. त्यांच्यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवणारी विकासवाडी उभी राहिली.

वाचन व अंकगणिताचे अध्यापन

मुलाला आधी वस्तू हाताळू द्यावी, चिन्ह नंतर द्यावे, हे माँटेसरी पद्धतीचे सूत्र आहे. खरखरीत कागदातून कापलेल्या अक्षरांवरून बोट फिरवून मूल अक्षराचे वळण शिकते. वाचन त्यानंतर येते. संख्येसाठी १० सेंटिमीटरपासून १ मीटरपर्यंत लांबीचे १० दांडे असतात. ते क्रमाने शेजारी शेजारी मांडले की पायऱ्या तयार होतात आणि लहान-मोठी संख्या डोळ्यांना लांबीच्या रूपात दिसते.

ही साधने ग्रामीण शाळांना परवडणारी नव्हती. ताराबाई व अनुताई यांनी त्यांच्या जागी खडे, शिंपले, बिया, पाने, फुले अशा परिसरातील वस्तू वापरल्या. अशा वस्तू निवडून त्यांच्या वेगवेगळ्या ओळी लावल्या की कोणत्या ओळीत जास्त आणि कोणत्या ओळीत कमी, हे अंक न येणाऱ्या मुलालाही सांगता येते. वर्गीकरण, मांडणी आणि तुलना या तीन क्रियांवरच आज प्राथमिक वर्गांत शिकवले जाणारे चित्रालेख व स्तंभालेख आधारलेले आहेत. ओळीतील प्रत्येक बीऐवजी कागदावर एक चित्र काढले की चित्रालेख होतो, आणि चित्रांच्या जागी पट्टी आखली की स्तंभालेख होतो. वस्तूंच्या ओळी लावण्याचा सराव असलेल्या मुलाला आलेख वाचणे परके वाटत नाही.

सन्मान व वारसा

भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा सन्मान दिला. त्यांच्या निधनानंतर कोसबाडचे कार्य अनुताई वाघ यांनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, पुढे चालवले. २ ऑक्टोबर, १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. या योजनेतील केंद्रांना अंगणवाडी हेच नाव आहे. ताराबाई ते पाहण्यास हयात नव्हत्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यांचा विचार मात्र या नावाच्या रूपाने देशभर पोहोचला.